मोबाइलला मुदत, कोयत्याला नाही

मंदी म्हणजे काय हे मला पेपर वाचून कळलं नाही. पेपरातली मंदी टक्क्यांची असते. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षाच्या मानानं जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं, असं सरकारनंच छापलं. त्याच तक्त्यात शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढलेली. टीव्हीवरचे शहाणे म्हणाले, बघा, शेतीनं देश तारला. तारला असेल बुवा. पण त्या शेतीतला ऊस कुणी तोडला, नि तोडणाऱ्याच्या घरात त्या तीन महिन्यांत काय वाढलं, ते तक्त्यात नाही. मी सांगतो. बाकी वाढली.

बाकी म्हणजे मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढं उरलेला आकडा. हा शब्द ज्याला माहीत नाही त्यानं बीड जिल्ह्याबद्दल बोलू नये. धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी – बालाघाटाच्या या उघड्याबोडक्या पट्ट्यातून दरसाल दिवाळीच्या मागंपुढं लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरात कोंबून सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. वंजारी जातात, मराठे जातात, बंजारा जातात, महार-मांग जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायचं नि बाईला पुरुषाशिवाय पुरतं मोजायचंच नाही, असं हे माप.

या धंद्याची उलटी रीत अशी, की कामाच्या आधी पैसा येतो. त्याचं नाव उचल. मुकादम वस्तीवर येऊन उचल देतो आणि ट्रक निघेपर्यंत ती संपलेली असते. पोरीचं लग्न, दवाखाना, किराण्याची उधारी, जळून गेलेला पत्रा. ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याला निदान सोसायटी आहे, पतसंस्था आहे. आमच्याकडं गहाण टाकायला दोन हात, तेच टाकतो. म्हणजे आम्ही कामाला निघतो तेव्हा मजुरी खाऊन निघालेलो असतो.

आता यावर मंदी आदळली की काय होतं? शहरातल्या माणसाची मंदीत नोकरी जाते. कोयत्याची नोकरी जात नाही. काम बुडतं, फड बंद पडतो, कारखान्याचा पट्टा पडतो, पण नोकरी जात नाही, कारण आधी घेतलेलं अंगावर असतं. तो बेकार होत नाही. त्याचं पुढचं साल विकलं जातं. त्यामुळं बेकारीच्या कुठल्याही आकड्यात तो सापडायचा नाही. सरकारच्या हिशेबानं बीडच्या कोयत्याला शंभर टक्के रोजगार आहे, मित्रांनो! पेढे वाटा!

मी कविता लिहितो, पण इथं हिशेब लिहिणार आहे. माझ्या घरचाच. २०१९ च्या दिवाळीला माझ्या माय-बापानं एका कोयत्याची ८०,००० उचल घेतली होती. तेव्हा तोडणीचा दर टनाला सुमारे २३९ रुपये. म्हणजे ८०,००० फेडायला ३३५ टन ऊस तोडावा लागतो. दोघं मिळून दिवसाला दोन टन धरा – पहाटे चारला उठून, तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरून. १६७ दिवस. एकही खाडा नाही, ताप नाही, पाऊस नाही असे १६७ दिवस. हंगाम मुळात पाचेक महिन्यांचा.

आणि तो हंगाम पाचेक महिन्यांचाही नव्हता. हे विसरू नका, कारण लॉकडाऊनच्या नावावर सगळं खपवलं जातं. २०१८ चा दुष्काळ, मग २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरचा महापूर. उसाचं वाटोळं झालं. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १०७ लाख टन साखर झाली होती, २०१९-२० मध्ये ६२ लाख टनांच्या आसपास. निम्म्याच्या जरा वर. ऊस कमी तर तोडणी कमी, तोडणी कमी तर फेड कमी. माझ्या माय-बापानं २१० टन तोडले. झाले ५०,१९०.

मग २४ मार्चची रात्र. साखर कारखाने अत्यावश्यक, म्हणून ऊस असेल तिथं तोडणी चालू. घरी जाणं मात्र अत्यावश्यक नाही. अर्धी माणसं फडात, अर्धी कोपीत बसून. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून प्लास्टिक. तिच्यात अंतर राखून राहायचं म्हणे! मायचा फोन यायचा, “लेकरा, काम न्हाई, आन् जाऊ बी देईनात.” १७ एप्रिलला सरकारनं परवानगी दिली तेव्हा राज्यभरात अडकलेल्या ऊसतोड कामगारांचा सरकारी आकडा होता सुमारे १ लाख ३१ हजार. गावी आल्यावर गावानं वेशीबाहेर ठेवलं. वेशीबाहेर राहायची आम्हाला सवय आहे, पण त्या वेळी तिथं वरच्या जातीची माणसंही होती. त्यांना ते नवीन होतं.

या अडकलेल्या दिवसांचं पीठ-मीठ कुठून आलं? मुकादमाकडून. खर्ची म्हणून. ९,००० वहीत चढले. ८०,००० अधिक ९,००० वजा ५०,१९०. बाकी ३८,८१०.

इकडं मी मुंबईच्या गोदीत. कंत्राटी हमाल. बोट लागली तर पाळी, नाही लागली तर वडा-पाव उधार. गोदी चालू होती पण माल आटला. महिन्याला २४ पाळ्या भरायच्या तिथं एप्रिलात ६ भरल्या. ठेकेदार म्हणाला, बोट आली की फोन करतो. तो फोन ज्या मोबाइलवर यायचा तो मी हप्त्यावर घेतलेला. आणि त्याच मोबाइलवर एक दिवस फायनान्स कंपनीचा मेसेज आला: आपल्याला हप्ता पुढं ढकलायचा आहे का?

मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. चेष्टा नव्हती. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना नि फायनान्स कंपन्यांना कर्जाचे हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली होती. मे महिन्यात आणखी तीन महिने वाढवून ती ३१ ऑगस्टपर्यंत नेली. व्याज चढत राहिलं, ते काय सोडतात होय! तरी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२१ च्या मार्चात कोर्ट म्हणालं, थांबलेल्या काळातल्या व्याजावर व्याज लावू नका. बघा हां, केवढी माणुसकी. काम बंद असेल तर कर्जानंही थांबावं, हे या देशाच्या सगळ्यात मोठ्या बँकेला पटलं, सगळ्यात मोठ्या कोर्टाला पटलं.

फक्त ते कर्ज कागदावरचं पाहिजे. माझ्या मोबाइलला मुदत मिळाली. माझ्या मायच्या कोयत्याला नाही मिळाली.

आणि साखरेला? साखरेचा भाव पडला तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये केंद्रानं साखरेला किलोमागं २९ रुपयांचा किमान विक्री दर बांधून दिला, २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ केला. कारखान्यांना स्वस्त कर्जं दिली. ऊस पिकवणाऱ्याला एफआरपी आहे, कायद्यानं १४ दिवसांत मिळायला पाहिजे. ती थकते, पण थकली म्हणून रस्त्यावर तरी बसता येतं. साखरेच्या पोत्याखाली सरकारनं हात धरला. पोत्यापर्यंत ऊस पोचवणारी जी बाई, तिच्या पायाखाली पाचट.

२०२० च्या ऑक्टोबरात कोयता बंद आंदोलन झालं. चौदा टक्के वाढ मिळाली, दर २७३ च्या आसपास गेला. लढून मिळवलेली वाढ आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण वही बघा. मुकादमानं त्या साली हातावर ५०,००० ठेवले आणि वहीत लिहिले ८८,८१०. नव्या दरानं ते फेडायला ३२५ टन. त्यातले १४२ टन मागच्या सालचे. दिवसाला दोन टनांनी ७१ दिवस. माझ्या माय-बापानं ७१ दिवस ऊस तोडला तो संपून गेलेल्या वर्षासाठी, पुरासाठी, रोगासाठी, सरकारच्या बंदीसाठी. बाप मुकादमाला म्हणाला, “मुकादम, बंद काय आमी केला व्हता का?” मुकादम म्हणाला, “मंग म्या केला का?”

खरं बोलला तो. मुकादमाला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालतो. पण त्यानंही कारखान्याच्या वाहतूकदाराकडून लाखांची उचल घेतलेली, ती वर फेडायची. वरून खाली बघत या: कारखाना, वाहतूकदार, मुकादम, कोयता. प्रत्येक जण मंदीचं ओझं खालच्याच्या डोक्यावर ठेवून हात झटकतो. शेवटच्याला खाली कुणी नाही. म्हणून तो ते अंगात घालतो. शब्दशः अंगात. एक दिवस खाडा झाला की ५०० रुपये दंड कापतात, मग पाळीच्या दिवसांचं काय करायचं? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. डॉक्टरांचा लोभ आहेच. पण बाईला डॉक्टरच्या टेबलापर्यंत कोण ढकलत नेतं? वहीतला आकडा.

उचल देणाऱ्यालाही मंदी फळते, हे आणखी. २०२० मध्ये आमच्या वस्तीत पुण्याच्या बिगारी कामावरून, चाकणच्या कंपनीतून, मुंबईच्या हॉटेलांतून पोरं परत आली. ज्यांच्या बापानं मरमरून त्यांना कोयत्यापासून लांब ठेवलं होतं, अशी दहावी-बारावी झालेली पोरं. दिवाळीला त्यांतली कैक ट्रकात चढली. मुकादमाला माणसं शोधावी लागली नाहीत. शहरात काम गेलं की फडात माणूस स्वस्त होतो.

आता कुणी म्हणेल, नैसर्गिक आपत्ती आहे, रोगराई आहे, कुणाला दोष देणार. तर ऐका. मी ज्या गोदीत राबतो तिथंही एके काळी टोळीवाला होता, मुकादम होता. रोज सकाळी गेटवर माणसं उभी, बोट असेल तर आत, नसेल तर उपाशी. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. त्यातून मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. नोंद असलेला कामगार हजेरीला आला आणि त्या दिवशी बोटच नसली तरी हजेरी भत्ता. महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. पैसा मालकांवर लेव्ही बसवून. म्हणजे बोट न येण्याचं ओझं हमालाच्या पोटावरून काढून मालकाच्या खिशावर ठेवलं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्यातही तेच: नोंद, बोर्ड, लेव्ही, मजुरी बोर्डामार्फत. हे या राज्यात झालेलं आहे. युनियननं भांडून घेतलेलं आहे. (गोदीतलं बोर्ड १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं आणि माझ्यासारखा पोरगा आला तो पुन्हा ठेकेदाराच्या फोनवर. कमावलेलं जातंही.)

आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा काढून वाचा, दहावी झालेल्याला समजतो. आगाऊ रकमेपायी माणूस बांधून घ्यायचा हीच वेठबिगारी. करार तोंडी असला तरी करारच. वेठीचं कर्ज रद्द. आणि हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडं. घटनेच्या २३ व्या कलमात बाबासाहेबांनी वेठ गाडली. आम्ही १४ एप्रिलला डीजे लावतो, त्या रकमेत किती कायद्याच्या प्रती छापून येतील याचा हिशेबही एकदा करा.

सरकारनं काय केलं? ऊसतोड कामगार महामंडळ काढलं, टनामागं १० रुपये त्याच्यासाठी ठरवले, पोरांची वसतिगृहं, ओळखपत्रं. वसतिगृह चांगलंच आहे, मी तर म्हणतो दुप्पट काढा. पण ओळखपत्रावर उचलीचा आकडा नाही. कार्ड सरकारचं आणि वही मुकादमाची, तर हुकूम वहीचाच चालणार. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के दरवाढ झाली, त्याच सुमारास तोडणी यंत्रांना सरकारी अनुदानही सुरू झालेलं. यंत्राच्या कर्जाला बँक असते. यंत्र बंद पडलं तर त्याच्या हप्त्याला मुदत मागता येते!

मागणी एकच करायची आहे आणि ती दानाची नाही. ऊसतोड्याला माथाडीसारखं बोर्ड पाहिजे. उचल कारखान्यानं बोर्डामार्फत द्यावी, कागदावर, बँकेत, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या नावांवर. आणि पूर, दुष्काळ, रोग, सरकारी बंदी, कशामुळंही हंगाम मोडला तर मोडलेल्या दिवसांची बाकी बुडीत धरावी. साखरेचा नफा कारखान्याचा, तर मोडलेला हंगामही कारखान्याचा.

शहरातल्या माझ्या मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण याच पट्ट्यातल्या कोपीत रांगलेले आहात, पाचटावर झोपलेले आहात. आज वसतिगृहात बसून अमेरिकेतल्या मंदीवर चर्चा करता. करा, पण घरी फोन करून विचारा, बाकी किती आहे? आकडा लिहून घ्या. कोणत्या सालचा, किती टनांचा, खर्ची किती, खाड्याचे किती कापले. शंभर घरांचे आकडे एका कागदावर आले तर जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर १९७६ चा कायदा ठेवून बोलता येईल. जात बघून घरं निवडू नका. कोप्यांच्या रांगा वेगळ्या असतात, वही एकच असते.

मुकादम दसऱ्याच्या आधी वस्त्यांवर फिरायला लागतात. त्यांच्या पंधरा दिवस आधी वही-पेन घेऊन धारूर-वडवणीकडं कोण कोण येतंय, ते कळवा. मी पाळ्या टाकून येतो.