रानातील गवळ्यांची दैना

चवथ जवळ आली की घरोघर दुधाची ददात जाणवू लागते. परंतु सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानांत म्हशी राखणाऱ्या धनगर गवळ्याचे स्मरण तेव्हाही कोणास होत नाही. दसऱ्याला त्याचे गजे नृत्य आपण कौतुकाने पाहतो. त्याच्या झोपडीत मात्र डोकावत नाही.

ह्या समाजाचे दारिद्र्य आळसातून आलेले नाही. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारली, ते रान सरकारी दप्तरी वनखात्याचे वा भाटकाराचे ठरले. १९९९ साली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये घोषित झाली. वनाचे व वाघाचे रक्षण झालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत चार वाघ विषबाधेने मेले आणि एका पशुपालक कुटुंबातील माणसांना अटक झाली, तेव्हा ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही उघडी पडली. विष घालणे हा गुन्हाच होय. परंतु दुभती म्हैस गेली की गवळ्याच्या घराचा आधार जातो, हेही तितकेच खरे.

उपाय नाही असे नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला आहे. तथापि २००३ साली गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले, तेव्हा धनगर मागे राहिला. ह्या यादीबाहेरील वनवासीयाने पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा, असे हा कायदा सांगतो. पोर्तुगीज अमदानीत रानोमाळ हिंडणाऱ्याने कागद आणावा कोठून? त्याच कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने हेही पुरावे ग्राह्य आहेत. अधिकाऱ्यांनी दावेदाराला हेलपाटे घालायला न लावता स्वतः वाड्यावर जाऊन ते नोंदवावेत.

चराईचा हक्क, मारल्या गेलेल्या जनावराची त्वरित भरपाई आणि वाड्यापर्यंत पोहोचणारा गुरांचा डॉक्टर, ह्या तीन गोष्टी आधी द्या. म्हैस घेण्यास अनुदान त्यानंतर शोभेल. चरायला रान नसताना दिलेली म्हैस गवळ्याला तारीत नाही, कर्जात बुडवते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांच्या नावे घोषित केले आहे. त्याचा मान समारंभांनी नव्हे, निकालात काढलेल्या दाव्यांनी राखावा, एवढीच आमची शासनाकडे मागणी आहे.