गळ्यातला रुपया ‘नकली’ म्हणणाऱ्याला आधी काटा आणायला सांगा

भामरागड, एटापल्लीकडे माडिया बायांच्या गळ्यात राणीछाप, राजाछाप चांदीचे रुपये आजही दिसतात. ‘नकली आहेत बाई’ म्हणत ते मातीमोल भावानं मागणारा व्यापारी आधी वजन तरी करतो का? खरा रुपया ११.६६ ग्रॅम, झिजला तर थोडा कमी. चुंबकाला चिकटत नाही. ओतीव नकलेच्या कडेला सांधा दिसतो, अक्षरं बोथट असतात. संग्राहक हेच तर बघतात, त्यात जादू कसली! अन् १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. ती इंग्रज सरकारनंच घटवली, म्हणून रुपया खोटा ठरत नाही. आठवडी बाजारात पावती फाडता ना? मग तिथंच एक काटा अन् चुंबक ठेवा की!