सरकारी वेबसाइटची प्रणाली नेमकी कधी बदलायची?

गोराईहून बोरिवलीतलं सरकारी कार्यालय गाठायचं तर बोटीने खाडी ओलांडा, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा घ्या. सरकारी वेबसाइट बंद पडली की इथल्या माणसाचा दिवस मोडतो.

साइटवरचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीला सीएमएस म्हणतात. जगभरच्या सरकारी साइटही वापरतात ती ‘ड्रुपल’ त्यातलीच. २०११ च्या ‘ड्रुपल ७’ची मुदत नोव्हेंबर २०२१ मध्ये संपणार होती. तीनदा वाढून ती ५ जानेवारी २०२५ ला संपली. पुढची आवृत्ती म्हणजे जवळपास नवी साइट बांधणं, म्हणून अनेकांनी टाळाटाळ केली.

मुदतीनंतर साइट चालते, पण सुरक्षेच्या अधिकृत दुरुस्त्या थांबतात. म्हणून त्या तारखेपासून मागे मोजा. मजकूर हलवणं, चाचणी आणि निविदेचे महिने वजा केले की उरते, तीच काम सुरू करायची तारीख.