गाईचे दावे आणि वेधशाळेचा बावटा



पाऊस तोंडावर आला की गावागावांत दोन पक्ष पडतात. एक मुंग्यांचा, दुसरा वेधशाळेचा. मुंग्यांच्या पक्षातली म्हातारी माणसे सांगतात, मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढल्या, टिटवीने अंडी उंच बांधावर घातली, कावळ्याने घरटे आंब्यावर केले की बाभळीवर ते बघा, म्हणजे पाऊस कसा येणार ते कळेल. वेधशाळेच्या पक्षातली पोरे खिशातून मोबाईल काढतात आणि ढगांची चित्रे दाखवतात. दोघेही एकमेकांना हसतात. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, म्हणून लोक आम्हाला न विचारताच दुसऱ्या पक्षात बसवतात. कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा ते खरेही होते. आता ते निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे काय, ते सांगण्यासाठी ३ जून २०२० या दिवसाकडे जावे लागेल.

टाळेबंदीचे दिवस होते. आम्ही श्रीवर्धनच्या बाजूला एका वाडीत अडकून पडलो होतो. माड, पोफळी, मधूनमधून मिरवेली आणि जायफळ, मागे गोठा, गोठ्यात दोन गाई, एक पाडी आणि बैल. १ जूनला वेधशाळेने सांगितले की अरबी समुद्रातला पट्टा वाढत चालला आहे आणि ३ तारखेला तो हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल. २ तारखेच्या दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले, नाव मिळाले ‘निसर्ग’. टीव्हीवर सगळी चर्चा मुंबईची. कॅमेरे मरीन ड्राइव्हवर, बोलणारे मुंबईचे, काळजीही मुंबईची. वाडीतल्या लोकांची समजूत अशी झाली की वादळ मुंबईला चालले आहे, आपल्याकडे फार तर शेपूट लागेल. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मात्र वेधशाळेचे मूळ पत्रक वाचले आणि म्हणाली, ‘आजोबा, पहिले नाव हरिहरेश्वरचेच आहे.’ हरिहरेश्वर म्हणजे आमच्या शेजारचे गाव!

आजोबा तिला काही बोलले नाहीत. ते उठले आणि वाडीत फेरी मारून आले. संध्याकाळी आम्हाला म्हणाले, ‘कावळे माडावर बसले नाहीत आज. आणि गाय आत शिरत नाही.’ गाय खरोखरच गोठ्याच्या दारात पाय रोवून उभी होती. चारा दाखवला तरी आत जाईना. चतुर अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर भिरभिरत होते. समुद्रावर वारा अजून पडलेलाच होता, पण लाटांचा आवाज नेहमीचा नव्हता, लांबून एकेक जड लाट येऊन आपटत होती.

आमच्यातला शेतकी पदवीधर लगेच कारणे शोधू लागला. चतुर खाली आले कारण हवेत ओल वाढली की बारीक किडे खाली येतात आणि चतुर त्यांच्या मागे येतात. गाय आत जात नाही कारण पत्रा वाजतो आहे. कावळे माडावर नाहीत कारण शेंडा हलू लागला आहे. सगळी कारणे खरी असतील. पण त्यामुळे आजोबांचे म्हणणे खोटे कसे ठरते? त्यांनी गाईला देवत्व दिले नव्हते. नेहमीपेक्षा काय वेगळे आहे, एवढेच ते बघत होते. नेहमीचे काय ते ठाऊक असल्याशिवाय वेगळे काय ते दिसत नाही. कॉलेजात आम्हाला हे कोणी शिकवले नाही.

३ तारखेला सकाळी पत्रक आले की वादळ आता तीव्र झाले असून अलिबागच्या दक्षिणेला चढेल. दहा वाजता आजोबांनी जनावरांची दावी सोडली. बैल आणि गाई वाडीबाहेर गेल्या आणि डोंगराच्या अंगाच्या जुन्या गडग्याला खेटून उभ्या राहिल्या. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर आले, ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोताला १२०. पोफळी काडीसारख्या कडाकड मोडत होत्या. गोठ्याचे पत्रे उडाले आणि भिंत आत कोसळली. आजोबांची चारही जनावरे वाचली. पलीकडच्या वाडीत बैल बांधलेला राहिला, तो भिंतीखाली गेला. त्या घरातल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने टीव्ही पाहिला होता, आणि टीव्हीने त्याला मुंबई दाखवली होती.

जनावरांना वादळ आधी कळते का, हा प्रश्न आता केवळ म्हाताऱ्यांचा राहिलेला नाही. २००१ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत शास्त्रज्ञांनी १४ लहान शार्क माशांना खुणेची यंत्रे लावली होती. गॅब्रिएल नावाचे वादळ जवळ येऊन हवेचा दाब उतरू लागला तसे ते सगळे खाडी सोडून खोल पाण्यात गेले आणि वादळ गेल्यावर परतले. २०१४ च्या एप्रिलमध्ये टेनेसी राज्यात सोनेरी पंखांच्या वार्बलर पक्ष्यांवर असेच काम चालू होते. जेमतेम नऊ ग्रॅमचा पक्षी! वादळे अजून शेकडो किलोमीटर दूर असताना त्यांनी घरट्यांचा मुलूख सोडला, मोठा वळसा घातला आणि आठवड्याभरात परत आले. आपल्या कानाला ऐकू न येणारा, वादळाचा खोल, लांबवर जाणारा आवाज त्यांनी ऐकला असावा, असा त्या शास्त्रज्ञांचा कयास आहे. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानात राहून पाखरांच्या आणि पावसाच्या अशा कितीतरी खुणा लिहून ठेवल्या. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी लिहिलेले तपासून पाहण्याचे काम मात्र आमच्या कृषी विद्यापीठांकडून व्हायला हवे होते तेवढे झालेले नाही.

पण म्हणून मुंग्यांच्या पक्षाने लगेच गुलाल उधळू नये. आम्ही गेली काही वर्षे एक वही ठेवली आहे. मुंग्या अंडी घेऊन निघालेल्या दिसल्या की तारीख लिहायची, आणि पुढे काय झाले ते त्याच ओळीत लिहायचे. वही सांगते की मुंग्या वळवाच्या साध्या सरीलाही निघतात, वारूळ तापले तरी निघतात आणि कधी कधी काहीच न होताही निघतात. ज्या वर्षी मुंग्या निघाल्या आणि पाऊस आला ते आपण नातवंडांना सांगतो. ज्या वर्षी निघाल्या आणि आला नाही, ते विसरतो. कावळ्याच्या घरट्याचेही तसेच. गावात आंबे जास्त असतील तर घरटी आंब्यावरच सापडणार. शिवाय गाय पत्र्याला बिथरली की वादळाला, हे गाय सांगत नाही. वारा ६० चा येणार की १२० चा, तेही सांगत नाही. जनावराची खूण जवळची असते, काही तासांची असते आणि आपल्या अंगणापुरती असते.

वेधशाळेचे नेमके उलटे. ती दोन-चार दिवस आधी सांगते, पण जिल्ह्याचे सांगते. वाडीचे सांगत नाही. तरी तिला नावे ठेवण्याची आमच्याकडची जुनी सवय आता सोडायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओडिशाकडे बघा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, लाखो जनावरे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवलेली होती आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मधल्या चौदा वर्षांत समुद्र काही दयाळू झाला नव्हता. अंदाज सुधारला, निवारे बांधले गेले, आणि निरोप शेवटच्या झोपडीपर्यंत जाऊ लागला. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही, हे त्यांच्या पोरांनाही कळते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले तेव्हा जे समुद्रावर सापडले, त्यांच्या घरी निरोप वेळेवर पोचण्याची किंमत विचारून पहा. निसर्ग वादळ आले तेव्हा बहुतेक होड्या काठावर होत्या. ते एक नशीब.

म्हणजे दोन पक्षांची गरजच नाही. पत्रक सांगते, परवा सावध राहा. गाय सांगते, आता सोड. आधीचा निरोप ऐकलेला माणूसच दुसरा निरोप ओळखतो. आजोबांनी त्या संध्याकाळी कावळ्यांकडे पाहिले ते नातीने हरिहरेश्वरचे नाव वाचून दाखवल्यावर, हे विसरू नका. आणि दाव्याला बांधलेल्या जनावराला वादळ कळून उपयोग काय? पक्षी उडतो, मासा खोल पाण्यात जातो. आपली गाय मात्र आपण गाठ सोडेपर्यंत जिथल्या तिथे उभी राहते.

आता जे गाईसारखे सोडता येत नाही त्याचे बोलू. माड आणि पोफळ. अंदाज कितीही अचूक आला तरी झाड पळत नाही. पोफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात. निसर्गनंतर सरकारने मोठ्या मनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. ऐकायला बरे वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पोफळी २.७ मीटर अंतराने लावल्या तर गुंठ्यात तेरा-चौदा झाडे बसतात. म्हणजे एका झाडाला ३६-३७ रुपये! लोकांनी आरडाओरडा केल्यावर हिशेब झाडावर आला, पोफळीला ५० आणि माडाला २५०. सहा वर्षे पाणी शिंपून वाढवलेल्या झाडाची ही किंमत. पडलेला बुंधा कापून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नाही.

विम्याची गोष्ट आणखी गंमतीची. कोकणातल्या आंब्याच्या हवामानावर आधारित विम्यात वेगाच्या वाऱ्याचे संरक्षण १५ मेपर्यंत होते. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत आले १६ मे २०२१ ला. एक दिवस! हापूस झाडावर होता, वारा आला, आंबा खाली पडला, आणि विमा आदल्या दिवशी संपलेला. अरबी समुद्रात वादळे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात, हे वेधशाळेच्या नोंदींत कित्येक दशकांपासून आहे. विम्याच्या तारखा ठरवणाऱ्यांनी त्या नोंदी उघडल्या होत्या का? अंदाज सांगणारे खाते आणि नुकसान मोजणारे खाते एकमेकांशी बोलतच नसतील, तर शेतकऱ्याने मोबाईलवर ढग बघून करायचे काय?

आणि निरोप पोचवणारी माणसे? कृषी विज्ञान केंद्रांमधून जिल्ह्याचा, तालुक्याचा हवामान सल्ला देणारी १९९ जिल्हा केंद्रे देशात उभी राहिली होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती बंद केली गेली. पुढच्याच वर्षी, २६ मे २०२५ ला, सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत अंदाज देणारी नवी प्रणाली मोठ्या थाटात सुरू झाली. चौकोन लहान झाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या चौकोनातल्या आजोबांना ‘उद्या काढलेला भात झाकून ठेवा, माडाचे नारळ उतरवून घ्या, जनावरे सोडा’ असे त्यांच्या बोलीत सांगणारा माणूस आधी काढून टाकायचा आणि मग यंत्र आणायचे, हा कुठला शहाणपणा? निसर्गनंतर कित्येक दिवस श्रीवर्धन-दापोलीच्या गावांत वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. त्या दिवसांत मोबाईलवरचा सल्ला कोणाच्या कामाचा?

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. वाऱ्याचे विमा संरक्षण जूनच्या मध्यापर्यंत वाढवून मिळावे. मदतीचा हिशेब झाडाच्या वयावर व्हावा, क्षेत्रावर नको. आणि तालुक्याला हवामानाचा निरोप देणारा एक जिता-जागता माणूस पुन्हा नेमला जावा, त्याच्या हाती देवळाचा भोंगा चालला तरी चालेल. ठरावाचा मसुदा तयार आहे, त्यावर भांडायला या.

येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. २०० पानी, रेघांची. डाव्या पानावर वेधशाळेने काय सांगितले ते, उजव्या पानावर मुंग्या, कावळे, टिटवी, गाय काय करत होत्या ते. आणि खाली प्रत्यक्षात काय झाले ते, चुकले असेल तर चुकले म्हणून. गावातल्या शाळेतली मुलगी वही लिहील, म्हातारी माणसे तिला सांगतील. दोन पावसाळ्यांनी त्या वह्या एकत्र मांडून बसू.

त्या वाडीतले आजोबा आता थकले आहेत. मागच्या पावसाळ्यात गेलो होतो तेव्हा पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपे पुरुषभर उंच झाली होती. गोठा नवा बांधला आहे, पत्रे तारेने आवळलेले. दाव्याची गाठ मात्र त्यांनी बदलून घेतली आहे. एका ओढीत सुटते. नातीला येते ती, आम्हाला अजून नीट जमत नाही.