बर्फातील मोटार आणि आपली मुले

आपल्या काही मराठी घरांतील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. डिसेंबरात येथे लिचीचा हंगाम असतो, तेव्हा तिकडे उत्तरेकडील राज्यांत रस्ते बर्फाखाली जातात. डावीकडून मोटार चालविणारा आपला मुलगा उजवीकडून चालवायला लवकर शिकतो. बर्फावर चालविणे मात्र एका हिवाळ्यात येत नाही.

२३ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरावर हिमवादळ आले. त्याचा अंदाज काही दिवस आधीच मिळाला होता. तरी वाहनबंदीचा हुकूम निघाला सकाळी साडेनऊच्या सुमारास, आणि तोवर कित्येक जण कामावर गेले होते. परतताना मोटारी अडकल्या, मदतीच्या गाड्याही अडकल्या. त्या भागात ४० हून अधिक माणसे दगावली. काही आपल्याच मोटारीत सापडली. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी तरंगताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको.

अडकल्यावरचा एक धोका मात्र आपल्याकडे कोणाच्या ध्यानी येत नाही. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवले आणि मागची धुराची नळी बर्फाने बुजली, तर विषारी वायू आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. फेब्रुवारी १९७८ च्या हिमवादळात मॅसॅच्युसेट्समधील १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर ३००० हून अधिक मोटारी अडकल्या. त्यांतील काही माणसे अशीच गेली. म्हणून आधी नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे, एक काच बोटभर उघडी ठेवावी. गाडीत फावडे, ब्लँकेट, पाणी हवेच. आणखी एक: पुलाच्या खालूनही गार वारा वाहतो, त्यामुळे पूल रस्त्याआधी गोठतो. वेग पुलाच्या अलीकडेच कमी करावा.

पण आमचे खरे बोलणे आईवडिलांशी आहे. येथे क्लास ३ चा इशारा लागला की आपण दार लावून घरी बसतो. कोणी नावे ठेवीत नाही. तिकडे हुकूम येण्याआधी मुलाला स्वतःच ठरवावे लागते, आणि त्याच वेळी येथून फोन जातो: ‘संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुनेला घेऊन गेलास ना? काकांना आणायला विमानतळावर जाणार ना?’ येत्या हिवाळ्यात आपणच म्हणावे, ‘आज निघू नकोस, आम्ही रागावणार नाही.’ काका विमानतळावर चार तास बसले तर बसू देत. तिथे चहा मिळतो.