विश्लेषण : केबलची ‘रिंग’ नेट वाचवते, तीच नेट बंदही पाडते, ते कसे?

धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावहून येणारा एकच फाटा. तो बंद पडला की धुळ्याची रेल्वे बंद. जळगावचे तसे नाही. मनमाडचा मार्ग अडला तरी अमळनेर-नंदुरबार-सुरतमार्गे मुंबई गाठता येते. ग्रामपंचायतींना इंटरनेट देणाऱ्या ‘भारतनेट’चे दुखणे आणि त्यावरचा उपाय नेमका याच फरकात आहे.

उपाय काय?

पूर्वी तालुक्याहून निघालेली फायबर केबल बहुतांशी सरळ रेषेत गावोगावी जात असे. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की पुढच्या सगळ्या गावांचे नेट गेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात केबल वर्तुळाकार, म्हणजे ‘रिंग’ पद्धतीने जोडायची आहे. एका बाजूने तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूने येईल.

मग अडचण कुठे?

वर्तुळात डेटा फिरतच राहू शकतो. कार्यालयातला संगणक कधी कधी ‘अमुक पत्ता कोणाचा?’ असा पुकारा सर्वांना करतो. स्विच तो पुकारा आल्या वाटेखेरीज प्रत्येक वायरवर पाठवतो. स्विच वर्तुळात जोडलेले असतील तर तो फिरून परत येतो, पुन्हा पाठवला जातो. इंटरनेटच्या पॅकेटला ‘इतके टप्पे झाले की संपव’ अशी मर्यादा असते. स्विचमधल्या इथरनेट फ्रेमला ती नसते. काही सेकंदांत सारे जाळे ठप्प. याला ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ म्हणतात.

त्यावर १९८५ मध्ये ‘डिजिटल इक्विपमेंट’ कंपनीतील रॅडिया पर्लमन यांनी ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’ शोधला. (संक्षेपात एसटीपी, महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पाशी संबंध नाही.) स्विच एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवतात. सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच ‘रूट’ ठरतो. बाकीचे त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट निवडतात आणि वर्तुळ पूर्ण करणारे पोर्ट अडवून ठेवतात. वायर जागेवरच असते, फक्त डेटा थांबतो. मुख्य वाट तुटली की अडवलेले पोर्ट उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या ‘रॅपिड’ आवृत्तीत बहुधा काही सेकंदांत भागते. गंमत म्हणजे, प्राधान्य ठरवून दिले नाही तर कोपऱ्यातला एखादा जुनाट स्विचही रूट होऊन बसतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे वाढत वाढत या पद्धतीच्या आवाक्याबाहेर गेले. डॉक्टरांना काही दिवस कागदावर काम करावे लागले.

खान्देशात याचा संबंध काय?

सुधारित भारतनेटच्या रिंगमध्ये राउटर असतील. वाट निवडण्याचे काम ते एसटीपीशिवाय करतात. धोका त्यापुढे, म्हणजे कार्यालय, शाळा, कॉलेजच्या आतल्या जाळ्यात आहे. तिथले स्वस्त स्विच बहुधा एसटीपीविना असतात. मोकळी दिसलेली वायर कोणी त्याच स्विचमध्ये खोचली, की सगळे बंद. तक्रार मात्र इंटरनेट कंपनीकडे जाते. खरेदीच्या निविदेत ‘मॅनेज्ड स्विच’ची अट हवी, ती यासाठी.

रिंगबाबत ग्रामपंचायतींनी विचारावा असा प्रश्न वेगळाच आहे : दुसरी केबल दुसऱ्या रस्त्याने येते का? दोन्ही एकाच चरात असतील, तर एकच जेसीबी दोन्ही तोडेल.