कुलूप की शिक्का?

माझा भाचा सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी दुपारी त्याच्या खोलीत चार-पाच पोरं जमतात आणि राक्षस मारतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला ते ‘डीएम’ म्हणतात. बाकीच्यांतला कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी भाट. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे खेळाचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. माझ्या बहिणीला मात्र पोरं अभ्यास करतात असंच वाटतं, कारण टेबलावर जाडजूड पुस्तकं उघडी असतात.

दुखणं त्या पुस्तकांचंच. मुख्य पुस्तकं तीन, एकेक पन्नास डॉलरच्या घरात, म्हणजे आपले चार हजारांच्या वर. तेव्हा पोरांनी दुसऱ्या एका लहानशा खेळाचं पुस्तक वर्गणी काढून फाइलच्या रूपात घ्यायचं ठरवलं. कार्ड माझं. एका परदेशी दुकानाला पैसे दिले, फाइल आली. ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर, त्यात खातं, खात्यावर लॅपटॉपची नोंद. पात्राची माहिती भरायचा कागद शेवटच्या पानावर होता. तो छापायला गेलो तर परवानगी नाही. दिवाळीत लॅपटॉप बदलला आणि पुस्तक उघडेनाच. दुकानाकडून उत्तर आलं, तुमची नोंदणीची मर्यादा संपली.

‘‘मामा, आपण पुस्तक घेतलंच नव्हतं,’’ भाचा म्हणाला, ‘‘तिकीट काढलं होतं.’’

कादंबरी एकट्याने वाचता येते. हे पुस्तक पाचजणांत फिरवायचं, पानं झेरॉक्स करून वाटायची, पेन्सिलीने खरडायची, म्हणूनच लिहिलेलं असतं. त्याला एका माणसाच्या एका यंत्रात कोंडणं म्हणजे कॅरमचा बोर्ड विकून सोंगट्या कपाटात ठेवण्यासारखं आहे.

चोरी होते, हे खरंच. माझ्या व्हॉट्सअॅपवर मराठी कादंबऱ्यांच्या पीडीएफ येतात आणि सगळ्याच मी उघडल्याशिवाय पुसतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण फायलींना असं कुलूप घालून काय साधलं? ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ हे या खेळांच्या फायलींचं मोठं दुकान २००४ मध्ये कुलूपबंद फायली घेऊनच उघडलं. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि थोड्याच काळात दुकानाने कुलपं काढून पानांवर खरेदीदाराची खूण छापायला सुरुवात केली. २००९च्या एप्रिलमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांचं नवं पुस्तक इंटरनेटवर फुकट फिरू लागलं. फायलींतल्या अशाच खुणांवरून त्यांनी माग काढला, आठजणांवर दावे लावले. म्हणजे खूण कामाला आली होती! तरीही त्यांनी आपल्या सगळ्या फायलींची विक्री एका झटक्यात थांबवली. पैसे भरलेल्यांना फाइल पुन्हा उतरवून घेण्याची सोयही गेली. विक्री परत सुरू झाली ती २०१३ मध्ये. मधल्या चार वर्षांत ज्याला सरळ मार्गाने विकत घ्यायचं होतं, त्याला दुकान नव्हतं. चोरांचं दुकान उघडंच होतं.

फायलीवर खूण म्हणजे काय, हे आपल्या गावाला शिकवायला नको. औरंगपुऱ्यातल्या बळवंत वाचनालयाचं पुस्तक उघडा, शिक्का दिसेल. शिक्का असलेलं पुस्तक कुठेही बसून वाचता येतं, शेजाऱ्याला दाखवता येतं. हरवलं तर कुणाचं, ते कळतं. माझी जुनी पाठ्यपुस्तकं अशीच तीन-तीन नावं खोडलेली असायची.

आणि कुलूपही आपल्याला नवं नाही. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठण, चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये पुन्हा पुन्हा येणारं गाव. त्यांच्या महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या वापरल्या. सकळ लिपी त्यातली सर्वांत चलनातली. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, किल्ली पंथातल्यांकडे. कुलूप इतकं पक्कं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांनी ते उलगडेपर्यंत ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ बाहेरच्या वाचकाला जवळपास परकाच होता. पण त्या कुलपाची किल्ली निदान वाचणाऱ्याच्या डोक्यात होती. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत हरवली, तेव्हा ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. आमच्या फायलीची किल्ली कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर आहे, देव जाणे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत केले, हे त्यांचं भलेपण. समासातल्या टिपा गेल्याच म्हणून थोडे जादाही दिले.

कुलूप स्वतः फोडावं, तर २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६५अ आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विकत घेतलेलं पुस्तक स्वतःच्याच नव्या लॅपटॉपवर वाचणारा त्यात बसतो का, हे वकिलाला विचारायला जावं तर त्याची फी पुस्तकाहून जास्त.

माझं म्हणणं एवढंच: प्रकाशकांनी माझं नाव पानापानावर खुशाल छापावं, हवं तर राक्षसाच्या कपाळावर छापावं. पण कुलूप नको. आणि तुम्ही अशी फाइल घेणार असाल, मग ती खेळाची असो की मराठी कादंबरीची, तर पैसे भरण्याआधी दुकानाला एक मेल टाका: लॅपटॉप बदलल्यावर पुस्तक उघडेल का? सरळ ‘हो’ आलं नाही, तर औरंगपुऱ्यात जाऊन कागदाचं पुस्तक घ्या.